भिंतीनं खाल्लेली ज्वारी

पहिला ठिपका पाळण्यामागे उठला. तिळाएवढा, तिळासारखाच काळा. महानंदानं तो पदराच्या टोकानं पुसला, तर भिंतीवर बोटभर काजळ फासल्यासारखं झालं. ती हसून म्हणाली, "बघ अव्वा, बाळासंगं भिंतीनंपण तीट लावून घेतली."

तिची आई शांताव्वा शेगडीत ओवा टाकत होती. मान वर न करता ती म्हणाली, "बाळंतिणीनं भिंतीला हात लावू न्हाई. गार बाधतंय."

चिपळुणात आता पाऊस मेच्या मध्यावर येतो आणि दिवाळीचे दिवे विझवून मगच जातो. त्या पावसाच्या अगदी पायाशी, शिगवणांच्या घरात वरच्या मजल्यावर, गच्चीखालच्या दोन खोल्यांत महानंदा आणि सिद्धराम भाड्यानं राहत होते. सिद्धराम रसायनांच्या वसाहतीत पावडर वाळवायच्या विभागात होता. दिवसभर दुसऱ्यांचा माल कोरडा करायचा आणि घरी येऊन दमट गादीवर पडायचा. स्लॅबला भेग होती, हे त्यानं शिगवणकाकांना गेल्या थंडीतच दाखवलं होतं. काकांनी भेगेवर डांबर फासलं, वर ताडपत्री अंथरली आणि आतून पांढरा रंग दिला. "एवढा येता पाऊस जाऊ दे," ते म्हणाले होते. पाऊस काही जाईना.

महानंदाला सातवा लागला तेव्हा तिनं मंगळवेढ्याला फोन केला. "अव्वा, तू ये. तुझ्याबिगर मला जमायचं न्हाई."

शांताव्वा आली ती ज्वारीचं पोतं घेऊन. एसटी स्टँडवर तिला आणायला रिक्षा घेऊन शिगवणकाकाच गेले होते, आणि ते पोतं आपल्या पाठीवरून जिना चढवताना त्यांचा दम निघाला होता.

"आजी, दगड भरून आणलेत काय?"

"दगूड न्हवं, मालदांडी हाय. तुमच्या भातानं बाळंतिणीची कंबर धरती व्हय?"

काकांनी पोतं ठेवलं, कमरेवर हात ठेवून म्हणाले, "तिची धरेल हो. माझी गेली." मग सगळेच हसले.

पोतं आणलं त्याला कारण होतं. लेकीच्या घरचा दाणा तोंडात घालायचा नाही, ही शांताव्वाची रीत. नातवंड झालं की चालतं, असं सगळे म्हणत. ती म्हणायची, "चालतंय की. बारशाला पंगतीत बसून जेवीन. तवर माजी ज्वारी माज्यापाशी."

मुलगी झाली. शांताव्वानं जुनं लुगडं फाडून खिडकीच्या फटी बुजवल्या, बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून. सकाळ-संध्याकाळ दोन पातेली पाणी उकळायचं. शेगडीवर ओवा-बाळंतशेपाची धुरी व्हायची. खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी, आणि दोरीवर दुपट्यांची रांग. खोलीत वाफ अशी दाटायची की आरशात तोंड दिसायचं नाही. लेकीच्या पाठीला शेक देताना शांताव्वाच्या ओठांवर ओव्या आपोआप यायच्या, तिनंच जुळवलेल्या.

भाकर माझी थापली, चंद्रावानी गोल
लेकीच्या गं अंगाला, लागू नये ओल

दुपारी शिगवणांच्या प्रमिलाकाकू वर यायच्या. स्वतःची सून पुण्याला, नातू फोनमध्ये. म्हणून ही तान्ही मांडीवर घेऊन तासभर बसायच्या. या घरात मासळी शिजत नाही, हे ठाऊक असल्यानं येण्याआधी साबणानं हात धुवायच्या आणि तरीही दारातूनच विचारायच्या, "वास येत नाही ना गं?"

दोन महिन्यांत पाळण्यामागची भिंत रान झाली. पुसली की चार दिवसांत परत उगवायची. सहाव्या आठवड्यात तान्हीला खोकला लागला. मग छातीत शिट्टी वाजू लागली. तिसऱ्या खेपेला तिचे ओठ निळे पडले आणि चार दिवस दवाखान्यात ऑक्सिजनवर काढावे लागले. बारसं राहूनच गेलं.

घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "या बुरशीचे कण तिच्या छातीत जाऊन सूज आणतायत. औषध मी देईन, हवा कुठून देऊ? कोरडी खोली बघा. आणि लांब नेऊ नका, गावाला तर नाहीच. झटका आला तर अर्ध्या तासात इथं पोचायला हवं. त्याच खोलीत अजून महिनाभर राहिलात, तर मला काही सांगता येणार नाही."

कोरडी खोली खाली होती. शिगवणांच्या मुलाची, दर्शनी बाजूची, उन्हाच्या तोंडाची. तीन वर्षं बंद.

महानंदा बाळाला घेऊनच खाली गेली. काका पडवीत बसून चहा बशीत ओतत होते.

"काका, महिनाभर ती खोली द्या. बाळापुरती. आम्ही वरच राहू, मी नुसती तिला घेऊन झोपायला येईन."

काकांनी बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "मुली, दोन वर्षांपूर्वी तू हे बोलली असतीस, तर आत्ता उठून कुलूप काढलं असतं. आता काढलं की लिहून दिल्यासारखं होतं."

"काय लिहून दिल्यासारखं?"

"की ओल माझी. ओलीचा कायदा आल्यापासून तसंच धरतात. मालकानं आपणहून दुसरी जागा दिली, तर दोष कबूल. मग घरावर शेरा. खालच्या गाळ्यांना कोण भाडेकरू येईल? तक्रार कर तू. जीभ लावू दे निरीक्षकांना भिंतीला. माझी निघाली ओल, तर त्याच दिवशी किल्ली तुझ्या हातात देईन. शब्द."

"आणि माझी निघाली तर?"

काकांनी बशी पुन्हा उचलली. आतून प्रमिलाकाकूंचा आवाज आला, "अहो, लेकरू आहे ते!"

"मला दिसत नाही का?" काका ओरडले आणि चहा तसाच टाकून आत गेले.

भाडेकरूची ओल निम्म्याहून जास्त निघाली तर काय होतं, ते महानंदाला ठाऊक होतं, सगळ्यांनाच ठाऊक होतं. पंधरा दिवसांत खोली रिकामी करायची, आणि भाडेओळखपत्रावर शेरा. मग जिल्ह्यात कुणीही घर देत नाही. सिद्धरामच्या खात्यातला एक जण तसा शेरा घेऊन वर्षभर पुलाखाली राहिला होता, बायकामुलांसकट. पण निम्म्याहून कमी निघाली, तर मालकानं आठ दिवसांत कोरडी जागा द्यायचीच.

सिद्धराम म्हणाला, "तक्रार करू. भेग त्यांचीच हाय. मी दाखवलीय."

ओल-निरीक्षक म्हणून आली ती तहसीन मुजावर. तिशीची, पायात गमबूट, पाठीला पेटी. पेटीतून तिनं हातभर लांबीची मऊ, गुलाबी पट्टी काढली आणि पाळण्यामागच्या भिंतीवर हलकेच टेकवली. पट्टी भिंतीवरून सावकाश सरकली, गायीनं वासरू चाटावं तशी. लोक त्या यंत्राला जीभ म्हणत, ते का, हे महानंदाला तेव्हा कळलं.

"हे काय करतंय, ताई?"

तहसीनला हा प्रश्न घरोघरी विचारला जात असावा, पण ती कंटाळली नाही. पाळण्याच्या कडेला टेकून ती सांगू लागली.

"झाडाच्या खोडात वर्षाचं एक वलय असतं ना? बुरशीत दिवसाचं असतं. रोज ती एक कड वाढते. आणि वाढताना दोन गोष्टी करते, पाणी पिते आणि खाते. पाणी सगळं सारखं दिसतं, पण सारखं नसतं. पाण्यातला काही ऑक्सिजन जरा जड असतो, काही हलका. पावसाचं पाणी वेगळं, धरणातून नळाला आलेलं वेगळं, उकळून वाफ झालेलं वेगळं. ती खूण बुरशीच्या अंगात राहते. म्हणजे कुठल्या दिवशी ती गच्चीतून झिरपलेलं प्यायली आणि कुठल्या दिवशी तुमच्या पातेल्यातली वाफ, ते ही वाचते."

"आणि खाते काय? चुना?"

"चुना नाही खात. धूळ खाते. आणि घरातली धूळ म्हणजे निम्मी माणसंच. आपली त्वचा रोज झडत असते, डोळ्यांना न दिसणारी. आपण जे खातो, तीच आपली कातडी. ज्वारी, बाजरी, मका, ऊस ही उन्हाची पिकं. हवेतला कार्बन ती वेगळ्या वाटेनं घेतात, म्हणून त्यांच्यात जड कार्बन किंचित जास्त. भात-गव्हात कमी. ज्वारीवर वाढलेलं माणूस आणि भातावर वाढलेलं माणूस बुरशीच्या जिभेला वेगळं लागतं. मासळी खाणारं आणखी वेगळं, त्याच्यात जड नायट्रोजन असतो. म्हणून घरातली वाफ कुणाच्या वाट्याला लावायची, ते त्या धुळीवरून ठरवतात. जो खोलीत जास्त, त्याचा वाटा जास्त."

दारात उभे असलेले शिगवणकाका म्हणाले, "म्हणजे माझंही निघेल काय त्यात?"

"तुम्ही वर येता?"

"कशाला येऊ?"

"मग नाही निघणार. तुमच्या चहातली साखर तेवढी निघाली असती. उसाची ना ती."

शांताव्वाला हे सगळं कळलं नाही, पण साखरेचं ऐकून ती पदराआड हसली.

मग तहसीननं घरातल्यांचे केस मागितले. केस महिन्याला करंगळीच्या जाडीएवढा वाढतो, ती म्हणाली, आणि माणूस काय जेवलं त्याची रोजनिशी त्याच्यात असते. मायलेकी दोघी ज्वारीच्या. त्यांच्यात फरक करायचा तर केसच हवेत. महानंदानं दिला, शांताव्वानं दिला, सिद्धरामनं दिला. काकांनी टोपी काढून टक्कल दाखवलं, "माझी रोजनिशी वाऱ्यानं उडाली." काकूंनी मात्र कुणी न मागता आपल्या अंबाड्यातून केस ओढून तहसीनच्या हातात ठेवला.

"तुम्ही कशाला, काकू?"

"मी बसते ना रोज दुपारी. लपवू कशाला?"

काका बायकोकडे बघतच राहिले.

तासाभरानं यंत्रावर आकडे उमटले. तहसीननं ते जोरात वाचले नाहीत, सगळ्यांना जवळ बोलावून दाखवले. शंभर भागांपैकी चव्वेचाळीस भाग पावसाचं पाणी, स्लॅबमधून आलेलं. ते मालकाचे. छप्पन्न भाग घरातली वाफ. त्या छप्पन्नांतले तीन मासळी खाणाऱ्या बाईचे, ते मालकाकडे गेले. सत्तेचाळीस आणि त्रेपन्न.

"त्रेपन्न आमचे?" सिद्धराम म्हणाला. "भेग त्यांची आन् त्रेपन्न आमचे?"

"त्यातले एकवीस आजींचे आहेत," तहसीन म्हणाली. "खिडकी बुजवल्यानं वाफेला वाटच नव्हती. भेगेतून आलेल्या ओलीत बुरशी रुजली. पण वाढली ती शेकावर."

शांताव्वाला आकड्यांतलं एवढंच नीट समजलं. ती पाळण्याजवळ गेली, भिंतीकडे पाहिलं आणि उजव्या हाताचं बोट काळ्या पुटावर टेकवलं.

"म्हंजे ही माजी ज्वारी खाऊन माजलीया?"



तहसीन केसांचा तक्ता पुन्हा बघत होती. तिच्या कपाळाला आठी पडली. "आजी, एक विचारू? तुम्ही अलीकडे मासळी खाताय का?"

"शिव शिव शिव!" शांताव्वानं गळ्यातला लिंगाचा करंडा मुठीत धरला. "लिंग हाय गळ्यात! काय बोलती ही बाई? काकूंच्या हातचं पानी पिताना इच्यारून पिते मी!"

"रागावू नका. तुमच्या केसात मुळाकडच्या अडीच बोटांत जड नायट्रोजन वाढलाय. खालून वर चढत गेलाय, म्हणून विचारलं. मासळी नाही, तर मटण? अंडी?"

"काय न्हाई, बाई. भाकरी."

"किती?"

शांताव्वा पदराचा काठ सारखा करू लागली.

तहसीननं तक्ता बंद केला. ती आता निरीक्षकासारखी बोलत नव्हती. "महानंदाताई, माणूस पोटभर जेवत नसलं की शरीर स्वतःचंच मांस खातं. तेव्हाही केसात हीच खूण येते. मासे खाल्ल्यासारखी. दोन-अडीच महिने आजी अर्धपोटी आहेत. शेवटच्या दोन आठवड्यांत तर त्याहून कमी."

महानंदानं कोपऱ्यातल्या पोत्याकडे पाहिलं. पोतं उभं होतं. तिनं जाऊन तोंड उघडलं. वरती वीतभर ज्वारी होती, आणि तिच्याखाली शांताव्वाच्या जुन्या लुगड्याचे बोळे, पोतं भरलेलं दिसावं म्हणून कोंबलेले. एका पोत्यावर एकट्या म्हातारीचं साल निघालं असतं. पण बाळंतिणीला सकाळी दोन भाकरी, दुपारी दोन, रात्री दोन, दूध येण्यासाठी. आणि जाताना लेकीपाशी काही राहायला हवं म्हणून वीतभर बाजूला.

"अव्वा, घरात तांदूळ होता. गहू होते. ह्यांनी पोती आणून टाकलीती."

"जावयाचं हुतं त्ये."

"मी विचारायची, जेवलीस का, तर म्हणायचीस मगाशीच जेवले."

"मगाशी जेवलेच हुते की. कदी, ते तू कुटं इच्यारलंस?"

सिद्धराम उठून बाहेर जिन्यात जाऊन उभा राहिला. प्रमिलाकाकू पदर तोंडाला लावून खाली गेल्या.

तहसीन निघताना जिन्यात थांबली आणि महानंदाला हळू म्हणाली, "एक कलम आहे. मी सांगायला बांधील आहे म्हणून सांगते. करारात आजींचं नाव नाही. त्या तुम्ही न बोलावता, तुमच्या मनाविरुद्ध राहिल्या असं दोघींनी सांगितलं, तर त्या अनाहूत ठरतात. मग त्यांचे एकवीस भाग कुणाच्याच खात्यात येत नाहीत. उरलेल्यात मालकाचे शंभराला एकोणसाठ होतात. आठ दिवसांत कोरडी खोली."

"आणि अव्वाचं काय होतं?"

"त्यांच्या नावावर शेरा. भाड्याच्या प्रत्येक घरात आता भिंतीला मापक असतो. त्या रात्री कुठंही राहिल्या तर कळतं आणि ठेवून घेणाऱ्याच्या हातून घर जातं. दिवसा दोन तास चालतं."

"किती वर्षं?"

"शेरा काढायची सोय अजून कायद्यात नाही."

महानंदा म्हणाली, "मी हे बोलणार नाही."

"यंत्राला पाणी कळतं, ताई. कोण कुणाला बोलावतं ते त्याला कळत नाही. परवापर्यंत नोंदवायचं असतं, एवढंच."

आत येऊन तिनं खिडकीच्या फटीतून लुगड्याच्या चिंध्या ओढून काढल्या. चिंध्याही काळ्या झाल्या होत्या. वारा आत आला, आणि त्या वाऱ्याबरोबर पावसाचं धुकंही. त्या संध्याकाळी तिनं तांदळाची खिचडी करून आईसमोर ठेवली आणि ताट संपेपर्यंत समोरून हलली नाही. शांताव्वा खाली मान घालून जेवली. बारशाआधीच रीत मोडली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला तान्हीनं दूध ओढता ओढता मधेच सोडलं. छातीची कातडी फासळ्यांत आत ओढली गेली. शिट्टी वाजली, मग शिट्टीही थांबली. ओठ जांभळासारखे निळे. महानंदानं औषधाचा वाफारा तोंडाला लावला, शांताव्वानं पाठ चोळली, सिद्धराम चप्पल न घालता रिक्षा आणायला पळाला. दवाखान्यात पोचेपर्यंत महानंदा बाळाच्या नाकापाशी गाल धरून होती, श्वास लागतोय का बघत. लागत होता. कसाबसा.

डॉक्टरांनी दुपारी तिला बाहेर बोलावून नुसतं विचारलं, "खोली मिळाली?"

महानंदा घरी आली कपडे न्यायला, तेव्हा पडवीत तहसीन बसलेली होती. समोर यंत्र, यंत्राचा बारीक डोळा चालू. शांताव्वा भुईवर मांडी घालून बसली होती. फोन प्रमिलाकाकूंनी लावून दिला होता, म्हातारीनं सांगितल्यावरून; जिन्यातलं ते बोलणं तिनं दाराआडून ऐकलं होतं. काका खांबाला टेकून उभे.

"या," तहसीन म्हणाली. "आजींचा जबाब चालू आहे. तुमची शेवटी एक संमती लागेल."

"अव्वा, ऊठ तिथनं."

शांताव्वानं तिच्याकडे पाहिलंच नाही. यंत्राच्या डोळ्याकडे तोंड करून ती बोलू लागली, आणि महानंदाला आपल्या आईचा हा आवाज नवा होता. बाजारात भांडणारा, चढा.

"लिव्हा. शांताव्वा मलकारी बिराजदार. ही माजी लेक. इनं मला बोलावलं न्हवतं. नगं येऊ म्हनली हुती. फोनवर बोलली, अव्वा, तुजी कटकट नगं. तरी मी आले, निर्लज्ज. आले ती दारात बसले. दोन दीस दार उघडलं न्हाई इनं."

"अव्वा..."

"मधी बोलू नगंस! मोठ्यांच्या मधी बोलती बगा, ही अशीच हाय. लिव्हा. खिडकी बुजवू नगं म्हनायची. मी बुजवली. श्येक नगं म्हनायची. मी जबरदस्तीनं दिला. मला वाटलं माज्या आयनं मला दिला, तिच्या आयनं तिला, आपून दिला न्हाई तर काय आय म्हनायची? पन लेकीचं ऐकलं न्हाई. ओल माजी. समदी माजी. काकांची बी न्हाई, हिची बी न्हाई."

"काकांची थोडी आहे," तहसीन म्हणाली. "शिगवणकाका, मालक म्हणून तुम्हाला काही म्हणायचं आहे? आजी आल्या तेव्हा तुम्ही इथं होतात का? भाडेकरूनं त्यांना बोलावलं होतं का नाही, याची तुम्हाला काही माहिती?"

काकांनी खांबावरचा हात काढला. स्टँडवरची ती रिक्षा, पाठीवरचं ते पोतं, सगळं त्यांना आठवत असणार. चेहऱ्यावर दिसत होतं. एक शब्द बोलले असते तर त्यांचं घर शेऱ्यातून वाचलं असतं, नावही. प्रमिलाकाकू त्यांच्याकडे बघत होत्या, पापणी न हलवता.

"मला दिसलं नाही काही," काका म्हणाले. "मी तेव्हा गुहागरला होतो."

"महानंदाताई," तहसीन म्हणाली. "हे सगळं खरं आहे का? फक्त हो किंवा नाही."

महानंदा आईकडे बघत होती. शांताव्वानं आता पहिल्यांदा मान वळवली. गालफडं आत गेलेली, डोळे मोठे. ती रागानं बघत होती, लहानपणी औषध पाजताना नाक दाबून बघायची, तशीच.

"हो," महानंदा म्हणाली.

यंत्राला अर्धा मिनिटही लागलं नाही. एकोणसाठ, एक्केचाळीस. काकांनी कमरेची किल्ली सोडली आणि तिच्या हातात दिली, शब्द दिला होता तसाच. मग गच्चीवर जाऊन एकटेच ताडपत्री सरळ करत राहिले, पावसात.

शांताव्वाला सूर्य मावळायच्या आत निघावं लागलं. सिद्धराम तिला स्टँडवर सोडायला गेला. दवाखान्यातून जाऊन एकदा बाळ बघू दे, असं ती म्हणाली, पण गाडीची वेळ झाली होती. जाताना तिनं महानंदाला जवळ घेतलं नाही, पाठीवरून हात मात्र फिरवला, कमरेपर्यंत, शेक द्यायची तसा.

"कंबर धर हां," ती म्हणाली. "अजून चाळीस दीस वाकू नगंस."

चौथ्या दिवशी बाळ घरी आलं, खालच्या खोलीत. पांढऱ्या भिंती, फरशीवर ऊन. तान्ही दोन्ही मुठी उघडून झोपली. छाती सावकाश वर-खाली होत होती, कुठेही न अडता. महानंदा कितीतरी वेळ नुसती ती छाती बघत बसली. प्रमिलाकाकू उंबऱ्यापर्यंत आल्या. हात धुतलेले, ओलेच. आत पाऊल टाकलं नाही.

"या ना, काकू."

"नको गं. आमचं इकडे काही पडायला नको आता." त्यांनी उंबऱ्यावरूनच बाळाला पाहिलं आणि गेल्या.

दुपारी तहसीन आली, नव्या खोलीची पहिली नोंद करायला. भिंतीवर रुपयाएवढा मापक चिकटवला, तो हिरवा झाला. मग हातातली पाटी महानंदापुढे धरली. "हे तुम्हालाच भरायचंय. राहणारी माणसं, आणि ज्यांचं येणं-जाणं रात्रीचं असेल, ती. नाव टाकलं की यंत्र शेरा तपासतं."

महानंदानं नवऱ्याचं नाव भरलं. बाळाच्या नावाची जागा रिकामी सोडली. सासरे नाहीत. सासू नाही. दीर, पुण्याला. पुढचा रकाना आला. भाडेकरूची आई: आहे, नाही. 'आहे'च्या खाली नावाची चौकट होती.

तहसीन खिडकीबाहेर बघू लागली.

महानंदानं 'नाही'वर बोट ठेवलं. ते उचलेपर्यंत यंत्रानं पुढचा प्रश्न विचारला होता.